डाव्या पायाचं काम

बसमध्ये बाबा दिसले आणि मी हाक मारली नाही. कारण काही खास नव्हतं. आपले वडील आपल्याला न सांगता एखाद्या बसमध्ये असू शकतात, हेच मला क्षणभर पटलं नाही. सकाळी मी निघालो तेव्हा ते खुर्चीत होते. ते आता इथे आहेत, तर खुर्चीत कोण आहे, असल्या विचारात मी दांडीला लोंबकळत राहिलो. ते ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर होते, मांडीवर व्यायामाच्या रबरी पट्ट्यांची पिशवी. मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या डाव्या पावलाची नस झोपली होती आणि तिला उठवायला ते फिजिओवाल्या बाईंकडे जायचे, हे मला माहीत होतं. जाताना ते कसे दिसतात हे माहीत नव्हतं. मधे माणसं होती, पण माणसांच्या पायांच्या फटीतून त्यांचा डावा बूट मला स्वच्छ दिसत होता. बस स्टॉपवरून निघाली. ड्रायव्हरने पहिल्या गिअरचा दुसरा केला आणि तो बूट, खाली क्लच असावा तसा, फरशीवर दाबला गेला. म्हणजे दाबला जायला निघाला. निरोप वरून वेळेवर सुटला असेल, खाली जरा उशिरा पोचला. दुसऱ्याचा तिसरा झाला, पुन्हा तेच. चढावर ड्रायव्हरने गिअर उतरवायला वेळ लावला तेव्हा बाबांनी नापसंतीने मान हलवली आणि त्याची वाट न बघता आपला बूट दाबून मोकळे झाले. बस बाबा चालवत होते. शेजारच्या बाईंना याची काही कल्पना नव्हती, त्या निर्धास्तपणे केळं खात होत्या.

मी एक स्टॉप आधीच उतरलो. चालताना वाटत राहिलं की कुणीतरी आपल्या हातात काहीतरी देऊन ‘जरा धर, आलोच’ म्हणून निघून गेलंय. ऑफिसात बसलो. माझा पेशा माफी मागण्याचा आहे. वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीच्या वतीने मी दिवसभर फोनवर माफी मागतो. मशीन मी बनवत नाही, बिघडवत नाही, दुरुस्तही करत नाही, मला फक्त वाईट वाटतं. त्या दिवशी एका बाई सांगत होत्या की त्यांचं मशीन कपडे पिळताना जागचं हलतं आणि चालत निघतं. माझ्या पुढ्यात ठरलेली वाक्यं होती, पण माझ्या तोंडून निघालं, “कुठे जातं?” बाईंनी जरा विचार केला. “दारापर्यंत,” त्या म्हणाल्या. मला भरून आलं. एवढं जड, पाण्याने भरलेलं, भिंतीला नळीने बांधलेलं मशीन, आणि त्याला जायचं असतं. मी बाईंची माफी मागितली, मनातल्या मनात मशीनचीही मागितली, आणि तिथेच, हेडफोन कानावर असताना, ठरवलं की बाबांनी पुन्हा गाडी चालवायची. कुठलीतरी नाही. ती.

आमच्या घरात ‘ती’ म्हटलं की कुणी विचारत नाही कोण. दोन दारं, दोन सीट, कापडी छत आणि घराच्या मानाने फारच लांब नाक असलेली ही स्पोर्ट्स कार बाबांनी लग्नाआधी घेतली, आणि आईच्या मते लग्नाचा निर्णय त्यांनी गाडीला विचारून घेतला. रंग लाल. बाबा म्हणतात विटकरी, आई म्हणते गंज. मी लहान असताना बाबा दर रविवारी मला सीटच्या मागे, जिथे खरं तर एक छत्री मावते, तिथे कोंबायचे आणि गावाबाहेर नेऊन आणायचे. मी मागून त्यांचा कान बघायचो. वेग वाढला की त्यांचा कान लाल व्हायचा आणि ते बोलायला लागायचे. घरी बाबा फारसे बोलत नसत. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे, जमिनीखालून काय कुठे जातं ते त्यांना सगळं ठाऊक, आणि जमिनीखालच्याच सवयीचे ते. गाडीत मात्र त्यांना गोष्टी फुटायच्या. एक हात स्टिअरिंगवर, एक हात गिअरवर, आणि ‘एकदा काय झालं’. आई त्या गाडीत कधी बसली नाही. “मला सवत चालवून घ्यायला नाही जमायचं,” म्हणायची. मग ताईचं शिक्षण, माझं शिक्षण, मग काहीतरी गळायला लागलं, मग गाडी पोर्चमध्ये ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. शाळेतल्या एका मित्राने विचारलं होतं की त्या कापडाखाली काय आहे. मी म्हणालो, बाबा.

जेवताना मी विषय काढला. ताईही होती. ताई दातांची डॉक्टर आहे आणि कुणी तोंड उघडलं की आधी आत बघते, मग ऐकते.

“ती चालू करायची,” मी म्हणालो.

“विकून टाक,” बाबा म्हणाले.

“तुम्ही चालवायची.”

“डावा पाय कुणाचा लावू? तुझा?”

“ऑटोमॅटिक गिअर बसवू की, बाबा,” ताई म्हणाली. “हल्ली सगळेच—”

“त्याला गाडी नाही म्हणत, लिफ्ट म्हणतात. बटण दाबायचं आणि आरशात केस बघायचे.”

“मग हा चालवेल, तुम्ही शेजारी बसा.”

बाबांनी चमचा खाली ठेवला. आवाज चढवला नाही. “माझ्या गाडीत मी शेजारी बसणार नाही,” ते म्हणाले. “चालवली तर मी चालवीन. नाहीतर तिच्यावर कुंड्या ठेवा.” आई म्हणाली कुंड्यांची कल्पना वाईट नाही. मला बसमधला तो बूट आठवला आणि मी आणखी भात वाढून घेतला, कारण त्या क्षणी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

आम्ही ताडपत्री काढली. खाली गाडी होती, पण सबंध नव्हती. पायाशी पत्रा कुजून खाली फरशी दिसत होती, म्हणजे पुरेशी हौस असती तर माणूस ती पाय खाली टाकून, धावत चालवू शकला असता. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या आणि चवीने खाल्ल्या होत्या, फक्त हॉर्नची तेवढी ठेवली होती. इंजिन अडकलेलं. पिस्टन जागच्या जागी धरून बसलेले, रुसल्यासारखे. त्यांच्या डोक्यावर तेल ओतून ठेवायचं, वाट बघायची, हलक्या हाताने फिरवून बघायचं, पुन्हा ओतायचं, हे मी ऑफिसातून आलो की करायचो, आणि करताना ‘तुमची गैरसोय झाली त्याबद्दल क्षमस्व’ असं पुटपुटायचो. एका संध्याकाळी पान्याखाली काहीतरी नुसतं केसभर सरकलं. माझ्या मनगटातून ते खांद्यापर्यंत आलं. मी पान्यावरचा हात काढला नाही, श्वासही घेतला नाही. अंधारात कुणीतरी कूस बदलावी आणि आपल्याला कळावं की खोलीत आपण एकटे नाही, तसं वाटलं. मग मी घरात जाऊन सांगितलं. आई म्हणाली, पाय पुसून ये.

घर हळूहळू गाडीने भरलं. जेवणाच्या टेबलावर गिअरबॉक्स होता आणि आम्ही त्याच्या भोवतीने जेवायचो; पाणी दे म्हणताना ताई त्याच्यावरून वाकायची, तेव्हा त्याला नमस्कार केल्यासारखं दिसायचं. कार्ब्युरेटर तिने दवाखान्यात नेला. त्यातली पेट्रोलची भोकं केसासारखी बारीक असतात, आणि दातांची मुळं साफ करायच्या सुया त्यात बरोबर जातात. मी गेलो तेव्हा तो खुर्चीवर दिव्याखाली पडला होता आणि ताई त्याला सांगत होती की दुखलं तर हात वर करा. बाहेर एक खराखुरा पेशंट गाल धरून बसला होता. दाराच्या फटीतून त्याला काय दिसलं माहीत नाही, पण तो तपासून न घेताच बरा झाला. ब्रेक आम्ही जुने ठेवले नाहीत, पुढे नवे डिस्क ब्रेक बसवले. इंजिनात ठिणगी पाडणारी जुनी पट्टी काढून इलेक्ट्रॉनिक पेटी लावली. प्रत्येक नव्या वस्तूला बाबा आधी नाही म्हणायचे. मग खुर्ची दाराजवळ आली. मग पोर्चमध्ये आली. मग एक दिवस ते खुर्चीशिवाय आले, काठी बोनेटला टेकवली आणि म्हणाले, “शहाण्या, तो पाना उलटा धरलायस.” मी उलटा धरला नव्हता. पण मी तो उलटा केला, आणि त्यांनी तो सुलटा करून दिला. मला फार आनंद झाला.

आईने सीट शिवल्या. ती कपडे शिवते, पायाने चालवायच्या मशीनवर. मोटर लावून देतो म्हटलं तर म्हणते, मोटरला काय कळतंय. तोंडात पिना धरून, भुवया वर करून, ‘तिचं’ माप घेताना ती जशी दिसली तसं मी कुठल्याही शिंप्याला गिऱ्हाइकाकडे बघताना बघितलेलं नाही. “जाड आहे ती,” एवढंच म्हणाली. पण शिवण अशी घातली की बाबांनी तिच्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघितलं.

डाव्या पायाचा प्रश्न मी सोडवला होता, आणि सोडवल्याबद्दल स्वतःवर इतका खूश होतो की ऑफिसात माफी मागताना हसू यायचं. क्लच ओढायला एक छोटी विजेची मोटर आणि तिचं बटण गिअरच्या दांड्याच्या मुठीवर, अंगठ्याखाली. अंगठा दाबला की क्लच दाबला, सोडला की सुटला. पायाचा संबंध नाही, गिअर मात्र हातानेच टाकायचा. म्हणजे लिफ्टही नाही. बाबांनी बटणाकडे बराच वेळ बघितलं. “बरं,” म्हणाले. आमच्या घरात याहून मोठी शाबासकी नाही.

पहिल्यांदा निघालो तो रविवार होता, ऊन कोवळं होतं. बाबा स्टिअरिंगला, मी शेजारी. पहिला पडला. दुसरा पडला. गल्ली दोन्ही बाजूंनी मागे सरकायला लागली, कुंपणं, सायकली, तोंडात ब्रश धरलेला एक शेजारी, सगळे नीट ओळीने मागे जात होते आणि ते मागे जावेत हे बाबा ठरवत होते. मी त्यांचा कान बघितला. कडेने लाल व्हायला लागला होता. त्यांनी तिसरा टाकला, हात गिअरवरच ठेवला आणि म्हणाले, “एकदा काय झालं.” इंजिन किंचाळलं. गाडी मात्र हळू झाली. “साहेब मला म्हणाले, नकाशात विहीर दाखवलीय तिथे विहीर नाही,” बाबा सांगत होते, आणि अंगठा त्यांच्याही नकळत मुठीवर दाबलेला होता. बोलताना ते दांडा धरतात, भाषण करणारा माईक धरतो तसा. हे मला माहीत होतं. ताईला माहीत होतं. गल्लीतल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. माझं सगळं बालपण मी त्या हाताच्या मागे छत्रीच्या जागेत बसून काढलंय, आणि बटण मी नेमकं तिथे बसवलं होतं. गोष्ट जसजशी रंगात आली तसतशी गाडी मंदावत गेली, आणि साहेब विहिरीत पडले तेव्हा आम्ही एका इस्त्रीच्या दुकानासमोर पूर्ण थांबलेलो होतो, इंजिन आभाळाला भिडलेलं. इस्त्रीवाला बाहेर येऊन बघत राहिला. “बाबा, बोलू नका,” मी म्हणालो. “चालवताना फक्त बोलू नका.”

परतताना ते बोलले नाहीत. गिअर अचूक पडले, वळणं सुरेख झाली, माझं यंत्र बिनचूक चाललं. मी पुन्हा कानाकडे बघितलं तर तो कानाच्याच रंगाचा होता. पोर्चमध्ये आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, काठी मागितली, उतरले आणि म्हणाले, “विकून टाक.” या वेळी रागावून म्हणाले नाहीत. परीक्षा देऊन आल्यावर पेपर कसा होता हे सांगावं तसं म्हणाले.

पुढचे काही दिवस मी मुठीवरून काढलेलं बटण घेऊन हिंडत होतो. खिशात होतं. बसमध्ये दाबून बघायचो, मीटिंगमध्ये दाबायचो. दाबलं की समोरच्याचं बोलणं चालू राहतं पण पुढे सरकत नाही असा मला भास व्हायला लागला. माझ्या ऑफिसातल्या साहेबांवर तर ते हमखास चालायचं. खुर्ची पुन्हा घरात गेली होती. घर शांत झालं, आणि त्या शांततेत मला सारखं वाटायचं की दुरुस्त करताना मी काहीतरी जास्तीचं काढून टाकलंय आणि तो स्क्रू कुठल्या डब्यात पडलाय ते आठवत नाही. ताई म्हणाली, बटण दुसरीकडे लाव. स्टिअरिंगवर लावलं तर वळताना दाबलं जात होतं. शेवटी मी म्हणालो, बटण माझ्याच हातात ठेवतो, शेजारी बसून. बाबा नुसते म्हणतील ‘क्लच’, मी दाबेन. बाबा नाही म्हणाले, मग ताईने त्यांच्या तोंडात बघायची धमकी दिली, मग आले.

चाकं जमिनीवरून उचलून, खाली ठोकळे लावून आम्ही पोर्चमध्येच बसलो. मागची चाकं हवेत फिरत होती. बाबा म्हणाले, “क्लच.” मी दाबला. उशीर झाला; गिअरबॉक्समधून असा आवाज आला की शेजारच्या घरातलं कुत्रं उठून आत गेलं. “क्षमस्व,” मी म्हणालो. पुन्हा “क्लच”, पुन्हा कर्रर्र, पुन्हा क्षमस्व. माझं आयुष्यच सूचना आल्यावर वाईट वाटण्याचं, सूचनेच्या आधी मला काही येत नाही. आणि बाबा तर बोलायला लागले की सूचना द्यायचंच विसरत होते. एव्हाना ते साहेबांना विहिरीतून वर काढत होते. तेवढ्यात पोर्चच्या खिडकीतून, मशीनच्या टकटकीतून, पिनांमधून आवाज आला, “आता.”

मी दचकून दाबलं. बाबांनी दांडा ओढला. लोण्यात सुरी जावी तसा दुसरा पडला.

आम्ही दोघांनी खिडकीकडे बघितलं. आई खाली मान घालून कुणाच्या तरी बाहीला दोरा घालत होती. बाबा गोष्ट पुढे सांगू लागले. इंजिन चढलं. “आता,” आई म्हणाली. तिसरा पडला. “उतरवा, अहो, रडतंय ते. आता.” दुसरा. तिने एकदाही वर बघितलं नाही.

“तुला कसं कळतं?” मी विचारलं.

“इतकी वर्षं गल्लीच्या तोंडापासून ऐकतेय,” ती म्हणाली. “आणि गिअर टाकायच्या आधी तुझे बाबा श्वास ओढतात. घोरणं सुरू व्हायच्या आधी ओढतात, तसाच.”

“मी घोरत नाही,” बाबा म्हणाले.

“आता,” आई म्हणाली.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांत शिकवणाऱ्याच्या पायाशीही पॅडल असतात. तसला एक क्लचचा पॅडल आम्ही भंगारात काढलेल्या शिकाऊ गाडीतून आणला आणि शेजारच्या सीटच्या पायाशी बसवला. मधे लोखंडी कांब, तिने दोन्ही पॅडल जोडलेले. बटण गेलं, मोटर गेली, आणि माझी सगळी हुशारी एका डब्यात मावली. आईला मी कसं विचारायचं याची ऑफिसात भाषा जुळवत होतो. आलो तर ती पोर्चमध्ये गाडीत बसलेली होती, चपला बाहेर काढून. स्वतःच शिवलेल्या सीटवर ती थोडी तिरपी बसली होती, परक्या घरी बसतात तशी, आणि अनवाणी पायाने पॅडल दाबून बघत होती. तिने दाबला की बाबांच्या बाजूचा पॅडलही आपोआप खाली जायचा.

“जड ठेवलाय,” ती म्हणाली. “आणि वर येताना हिसका मारतो. तेल घाल. पायाचं काम आहे, ते मला शिकवू नका.”

सरावाच्या दिवसांत ते दोघं इतके भांडले की ताईने शेजारी उभं राहून कुणाचा जबडा किती उघडतो ते मोजलं. बाबांचं म्हणणं, ड्रायव्हर मी आहे. आईचं म्हणणं, असाल. बाबांना वाटलं चौथा, आईला वाटलं अजून नाही, आणि आईला वाटलं नाही तर जगातली कुठलीही ताकद चौथा टाकू शकत नव्हती. “अगं दाब,” “दम धरा,” “अगं चढलंय,” “चढू द्या, तुम्हालाच घाई.” पण त्याच भांडणात मला एक गोष्ट दिसायला लागली. बाबांचं डावं पाऊल आता रिकाम्या फरशीवर नव्हतं. ते त्यांच्या पॅडलवर ठेवलेलं असायचं, आणि आईने तिकडे दाबलं की पॅडलबरोबर तेही खाली जायचं, वेळेवर, अगदी वेळेवर. बाबांनी एकदा खाली बघितलं. मग पुन्हा कधी बघितलं नाही.

एका सुट्टीच्या सकाळी ते निघाले. छत उघडं होतं. ठरलेलं असं होतं की कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, वळसा घालायचा आणि परत. मी मागे छत्रीच्या जागेकडे एकदा बघितलं, पण मी आता त्या मापाचा राहिलेलो नाही. ताईने फाटक उघडलं. पहिला पडला तो मला ऐकूसुद्धा आला नाही, फक्त गाडी आमच्याजवळून नाहीशी झाली. मग दुसरा, मग वळणामागे तिसरा, आणि मग फक्त पोर्च उरला, तेलाच्या डागांसकट, इतका मोठा की मी त्यात उगीचच एक फेरी मारून आलो. ताईने चहा टाकला. टाकी काही लांब नाही. चहा पिऊन झाला. ताई म्हणाली, येतील. थोड्या वेळाने म्हणाली, येतील ना. मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. नव्या ब्रेकचे नट मी स्वतः घट्ट केले होते, आणि आता मला माझे हात आठवेनात. कांबेचं वेल्डिंग माझं होतं. सगळं माझं होतं. मनातल्या मनात मी माफीची वाक्यं लावून बघत होतो आणि पहिल्यांदाच त्यातलं एकही बसत नव्हतं. मी आईला फोन लावला. बराच वेळ वाजला.

“हं,” आई म्हणाली. मागे वारा होता, भरपूर, आणि वाऱ्यात बाबांचा आवाज चालू होता, साहेबांना कोरडे कपडे कुठून मिळाले त्याबद्दल.

“आई, कुठे आहात? टाकीपर्यंत म्हणाला होतात.”

“टाकी गेली मघाच.”

“मग वळलात का नाही?”

“यांची गोष्ट संपली नव्हती,” आई म्हणाली. “आता मोठा रस्ता आहे. दोन्हीकडे शेतं. थांब.”

“काय झालं?”

“थांब म्हटलं ना, गिअर येतोय.”

मी फोन कानाला घट्ट धरून उभा राहिलो. वारा, वाऱ्याच्या आत इंजिन, इंजिनच्या आत बाबा, आणि मग त्या सगळ्यांनी मिळून एक छोटा श्वास ओढला. काही क्षण काहीच नव्हतं. मग तो आवाज अलगद खाली उतरला, रुंद झाला आणि गुणगुणत पुढे निघाला, आणि लांब कुठेतरी माझी आई हसली.

“हं,” ती म्हणाली. “बोल.”